फुप्फुसाचा जुना आजार आणि हृदय : नाशिकच्या रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीत, फोनवर आणि व्हॉट्सॲपवर हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. मी फॅमिली डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत दोन पिशव्या असतात. एकीत छातीच्या डॉक्टरांची फाईल, दुसरीत हृदयाच्या डॉक्टरांची. या दोन पिशव्या एका दिवशी एका टेबलावर क्वचितच येतात, आणि खालचे निम्मे प्रश्न त्यातूनच उभे राहिले आहेत. हे वाचून कुठलंही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. प्रश्न मात्र जरूर घेऊन जा, आणि दोन्ही पिशव्या घेऊन जा.

१. आजार फुप्फुसाचा आहे. मग डॉक्टर सारखं हृदय का तपासतात?

सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अडून राहण्याचा फुप्फुसाचा जुना आजार, असलेल्यांना हृदयविकार होण्याचं प्रमाण त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा साधारण दुप्पट ते तिप्पट आढळतं. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर माणूस दगावतो तो पुष्कळदा हृदयामुळे. विडी-सिगारेटचा धूर दोन्हीकडे नुकसान करतो हे तर खरंच, पण तेवढंच नाही. फुप्फुसातला दाह रक्तात उतरून रक्तवाहिन्यांना त्रास देतो, ऑक्सिजन कमी पडला की हृदयावर ताण येतो, आणि हवा अडकून फुगलेली फुप्फुसं हृदयाला छातीत पुरतं भरूही देत नाहीत. तरीही घरात कुणाला धाप लागली की 'त्यांना जुना दमच आहे' असं म्हणून विषय मिटतो. माझं मत स्पष्ट आहे: सीओपीडीच्या प्रत्येक पेशंटचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी वर्षातून एकदा पाहिलंच पाहिजे, छातीत दुखो वा न दुखो.

२. सीओपीडी आणि दमा एकच ना?

नाही. दम्यात श्वासनळ्या आकसतात आणि औषधाने बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. बहुतेकांना तो लहानपणी किंवा तरुणपणीच सुरू होतो. सीओपीडी सहसा चाळिशीनंतर दिसतो आणि त्यात नळ्यांची अडचण पूर्ण सुटत नाही. निदान फुंकून करायच्या तपासणीवर होतं, जिला आपण पीएफटी म्हणतो. पंपाचं (इन्हेलरचं) औषध दिल्यानंतरही, जोरात बाहेर सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर आली तर सीओपीडी. काहींना दोन्ही आजार असतात. हृदयाच्या गोळ्या निवडताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो (प्रश्न ११).

आयुष्यात एकदाही न फुंकता नुसत्या एक्स-रेवर 'दमेकरी' ठरलेले पेशंट आजही येतात. त्यांतल्या काहींची धाप मुळात हृदयाची निघते.

३. आईने कधी विडीला हात लावला नाही. तिला हा आजार कसा झाला?

चूल. पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवर बिनखिडकीच्या खोलीत तीस-चाळीस वर्षं लाकडं फुंकणाऱ्या बाईच्या फुप्फुसात विडीबहाद्दराइतका धूर सहज जातो. घरात गॅस आला तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब लाकडावरच पेटतो, तो कुणी मोजत नाही. मिश्री भाजताना तंबाखूचा धूर थेट तोंडावर येतो, आणि ती लावल्यावर निकोटिन हृदयाकडे जातं ते वेगळंच. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायका तंबाखूच्या धुळीत बसतात, मालेगावच्या यंत्रमागावरचे कामगार सुताच्या धुळीत. पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर औषधाने तो बरा झाल्यावरही फुप्फुसाला कायमचे व्रण राहू शकतात. डॉक्टरांनी 'विडी ओढता का' एवढंच विचारलं, तर यांपैकी जे लागू असेल ते आपणहून सांगा.

४. रिपोर्टमध्ये 'उजव्या बाजूचं हार्ट मोठं झालंय' असं आलं. म्हणजे ब्लॉकेज आहे का?

बहुधा नाही. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे ढकलते. फुप्फुसात ऑक्सिजन कमी असला की तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, आणि आजार वाढत गेला तर त्यांतल्या काही नष्टही होतात. शेतातली मोटर चालू ठेवून पुढचा कॉक अर्धा बंद केला तर तिच्यावर जसा लोड येतो, तसा लोड उजव्या बाजूवर येतो. ती आधी जाड होते, मग फैलावते, मग थकते. तेव्हा पायांवर सूज, मानेच्या शिरा फुगणं, उजव्या बरगडीखाली जडपणा, भूक मरणं असं दिसू लागतं.

ब्लॉकेज म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधला अडथळा. तो वेगळा आजार आहे, पण तोही याच माणसाला असू शकतो. एक सापडला म्हणून दुसरा शोधायचं थांबवू नये.

५. धाप फुप्फुसाची आहे की हृदयाची, हे घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, डॉक्टरांनासुद्धा नुसत्या स्टेथोस्कोपवर नेहमी येत नाही. पण काही खुणा नोंदवून ठेवल्या तर आम्हाला फार मदत होते.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, घरघर वाढली, सोबत सर्दी-ताप आहे, तर फुप्फुसाची शक्यता जास्त. आडवं पडल्यावर धाप वाढते, उशा एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या, झोप लागल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून जाग येते आणि खिडकीशी जाऊन बसावं लागतं, संध्याकाळी पायमोज्याची खूण खोल उमटते, तर हृदयाचा विचार आधी करावा. सीओपीडीच्या पेशंटलाही पहाटे बेडका सुटेपर्यंत धाप लागते, पण खोकून मोकळं झाल्यावर ती उतरते.

सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे घरातला वजनकाटा. रोज सकाळी, लघवी करून, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी फोन करा. माझे एक काका पेशंट दुधाच्या हिशोबाखालीच वजन लिहितात. त्यांची सूज पायावर दिसायच्या आधी कॅलेंडरवर दिसते.

६. छातीत दुखलंच नाही, तरी ॲटॅक येऊ शकतो का? १०८ केव्हा बोलवायची?

येऊ शकतो. जुना फुप्फुसाचा आजार, मधुमेह किंवा जास्त वय असेल तर ॲटॅक नुसती धाप, दरदरून घाम, मळमळ, जबडा किंवा डावा हात भरून येणं, अचानक गळून जाणं अशा रूपात येतो. घरचे वाफ देत बसतात, 'गॅसेस झाले' म्हणून सोडा पाजतात आणि मोलाचे तास निघून जातात.

हे दिसलं तर १०८: नेहमीच्या पंपाने पंधरा-वीस मिनिटांत न उतरणारी धाप, धापेबरोबर घाम किंवा छातीवर दाब, ओठ-नखं निळसर, बोलताना वाक्य पूर्ण न होणं, गुंगी किंवा बरळणं, चक्कर येऊन पडणं. एका पोटरीत दुखून सूज आली आणि मग अचानक धाप लागली, तर फुप्फुसात रक्ताची गाठ अडकलेली असू शकते. तेव्हाही थांबू नका. १०८ ची सेवा मोफत आहे. सकाळी कुणाच्या तरी गाडीने नेऊ, हा विचार सोडून द्या.

शेजाऱ्याच्या खिशातली जिभेखालची गोळी देऊ नका. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ती घातक ठरते. ॲस्पिरिनही सरसकट देऊ नये, कारण दम्याच्या काही पेशंटना त्याने श्वासनळ्या आवळून झटका येतो. पूर्वी कधी पेनकिलरने दम उसळला असेल तर ते १०८ च्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

७. छाती भरून ॲडमिट झालो, बरा होऊन घरी आलो. आता हृदयाचं काय?

हाच काळ सांभाळायचा असतो. सीओपीडी उसळल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि पुढचे काही आठवडे ॲटॅक आणि पक्षाघाताचा धोका नेहमीपेक्षा बराच वाढलेला असतो. शरीरभर दाह असतो, रक्त गोठण्याकडे कल असतो, ऑक्सिजन वर-खाली झालेला असतो, आणि बरेच दिवस झोपून काढलेले असतात. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर आणि बीपी चढतं.

म्हणून डिस्चार्जनंतर आठ-दहा दिवसांत दाखवून या. 'बरं वाटतंय, कशाला जायचं' हे वाक्य मी फार ऐकतो. हृदयाच्या आधीपासूनच्या गोळ्या ॲडमिट असताना बंद केल्या असतील तर त्या पुन्हा कधी सुरू करायच्या, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. स्टिरॉइडच्या गोळ्या सांगितल्या तेवढेच दिवस घ्या. पुढच्या वेळी दम वाढला की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणू नका.

८. ईसीजीच्या कागदावर 'जुना ॲटॅक' छापून आलंय आणि इकोत 'चित्र नीट दिसत नाही' लिहिलंय. कशावर विश्वास ठेवायचा?

दोन्ही गोष्टी फुगलेल्या फुप्फुसांमुळे होऊ शकतात. ईसीजीचं मशीन स्वतःच अंदाज छापतं. फुप्फुसं फुगून हृदय खाली सरकलेलं असलं की छातीवर लावलेल्या तारांमधल्या (लीडमधल्या) लाटा लहान उमटतात आणि मशीनला जुना ॲटॅक भासतो. त्या कागदावर घाबरून रात्र काढलेले कितीतरी जण मी पाहिलेत. उलट, त्याकडे सरळ दुर्लक्षही करू नये. टू-डी इको करून हृदयाची भिंत खरंच कमजोर आहे का ते पाहतात.

इकोच्या ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत, म्हणून सीओपीडीत चित्र धूसर येतं. अनुभवी डॉक्टर बरगड्यांखालून पाहून बरंच काढतात. पट्ट्यावर पळायची टीएमटी धापेमुळे अर्धवट राहिली, तर औषध देऊन केलेला स्ट्रेस इको किंवा धमन्यांचं सीटी हे पर्याय आहेत. स्ट्रेस टेस्टसाठी ॲडेनोसिन देणार असतील तर फुप्फुसाचा आजार आधी सांगा, त्याने श्वासनळ्या आवळल्या जाऊ शकतात.

एनटी-प्रो-बीएनपी ही रक्ततपासणी कमी आली तर धाप हृदयाची नाही असं बऱ्यापैकी म्हणता येतं. जास्त आली तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. वय, किडनी आणि प्रश्न ४ मधला उजव्या बाजूवरचा ताण, या सगळ्यांनी ती वाढते.

९. पंप घेतल्यावर धडधडतं, हात थरथरतात. पंपाने हार्ट कमजोर होतं का?

होत नाही. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल काही वेळ ठोके वाढवतं आणि हाताला कंप आणतं. थोड्या वेळात ते ओसरतं. घाबरून पंप बंद केला तर ऑक्सिजन उतरतो, आणि त्याचा हृदयावर जास्त ताण येतो.

धडधड होते म्हणून पंप सोडून गोळ्यांवर जाणारे लोक आगीतून फुफाट्यात पडतात, कारण गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं. काळजी एका बाबतीत घ्यायची. दिवसातून अनेकदा मशीनची वाफ आणि सोबत लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. पोटॅशियम तपासून घ्या. रोजचे लांब पल्ल्याचे पंप हृदयरोग्यांनाही दिले जातात. ठोके अगदी वेडेवाकडे पडतात असं वाटलं तर तेव्हाच ईसीजी काढा. सीओपीडीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय पूर्ण बिघडणं, बऱ्याच जणांना आढळतं, आणि त्यात पक्षाघात टाळायला रक्त पातळ करायची गोळी लागू शकते.

१०. वीस वर्षं डेरिफायलिन घेतोय, काही झालं नाही. आता बंद का करायला सांगतात?

थिओफायलिन गटाच्या या गोळ्यांत गुण येणारा डोस आणि अपाय करणारा डोस यांत फारसं अंतर नाही. जास्त झालं की मळमळ, उलटी, धडधड, झोप उडणं, आणि टोकाला ठोक्यांची गंभीर गडबड किंवा फिट. तरुणपणी चाललेला डोस सत्तरीत, हृदय आणि यकृत थकल्यावर, तसाच चालेल असं नाही.

दोन प्रसंग नेहमी चुकवतात. एक, जुलाबासाठी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, किंवा घशासाठी एरिथ्रोमायसिन-क्लॅरिथ्रोमायसिन सुरू होतं, आणि रक्तात थिओफायलिन साचतं. दुसरा ऐकून लोक हसतात: विडी सोडल्यावर. धुरामुळे यकृत हे औषध भराभर फोडत असतं. धूर थांबला की तेवढीच गोळी जास्त पडायला लागते. म्हणून विडी सोडलीत तर अभिनंदन, पण तेव्हा गोळीचा डोस पाहायला या.

स्वस्त आणि सवयीची म्हणून ही गोळी टिकून आहे. पंप नीट घेता येत असेल तर बहुतेकांना तिची गरज नसते.

११. हृदयाचे डॉक्टर बीटा ब्लॉकर सुरू करतात, छातीचे बंद करतात. खरं कोणाचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बीटा ब्लॉकर म्हणजे ठोके आणि बीपी उतरवणाऱ्या गोळ्या. पूर्वी फुप्फुसाच्या आजारात ही औषधं सरसकट टाळत, त्याचा धाक अजून गेलेला नाही.

सीओपीडीत मुख्यतः हृदयावर काम करणारे बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिवोलॉल, बहुतेकांना चालतात. ॲटॅक येऊन गेला असेल, हृदयाचं पंपिंग कमी असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर नुसत्या सीओपीडीच्या भीतीने ती नाकारणं मला तरी पटत नाही, कारण त्यांनी आयुष्य वाढतं. डोस लहान सुरू करून हळूहळू वाढवतात. प्रोप्रॅनोलॉल वेगळं आहे. ते श्वासनळ्यांवरही काम करतं आणि पंपाचा परिणाम अडवतं. अर्धशिशी, हाताचा कंप किंवा थायरॉईडसाठी कुणी दिलं तर फुप्फुसाचा आजार लगेच सांगा. कार्व्हेडिलॉल याच दुसऱ्या गटातलं, ते सीओपीडीत जपून वापरतात.

खरा दमा असेल तर नियम जास्त कडक. तिथे हृदयासाठीचे बीटा ब्लॉकरसुद्धा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवूनच.

हृदयाचं कारण नसताना 'संरक्षण म्हणून' ही गोळी घेण्यात मात्र अर्थ नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयाची गरज नसलेल्या सीओपीडी रुग्णांना मेटोप्रोलॉल देऊन आजार उसळणं कमी झालं नाही, उलट रुग्णालयात दाखल व्हावं लागेल असे झटके जास्त आले.

आणि चालू गोळी एका दिवसात तोडू नका. ठोके उसळून छातीत दुखू शकतं.

१२. बीपीच्या गोळीने खोकला वाढला आणि पायावर सूज आली. हेही हृदयाचंच का?

कदाचित गोळीचंच. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटाने काहींना कोरडा, घशात खवखवणारा खोकला लागतो. सीओपीडीच्या माणसाचा तो बेडक्याच्या खोकल्यात लपतो. टेलमिसार्टन, लोसार्टन या गटात तो सहसा नसतो. अम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, पण वजन आणि धाप वाढत नाही. सूज दिसली की लघवीची गोळी वाढवण्याआधी अम्लोडिपिन चालू आहे का ते पाहावं.

१३. अँजिओप्लास्टीनंतर नवीन गोळी सुरू झाली आणि विनाकारण धाप लागते. स्टेंट बंद पडला का?

तसं असू शकतं, म्हणून आधी तपासून घ्या. पण टिकाग्रेलॉर नावाची रक्त गोठू न देणारी गोळी काही जणांना नुसती 'हवा कमी पडतेय' अशी जाणीव करून देते. ऑक्सिजन नीट असतो, छाती साफ असते. पर्यायी गोळी असते, पण ती बदलायची हृदयाच्या डॉक्टरांनीच. स्टेंट ताजा असताना ही गोळी स्वतःहून बंद करणं जिवावर बेतू शकतं. ठोक्यांसाठी अमिओडारोन चालू असेल तर ते क्वचित फुप्फुसालाच इजा करतं. नव्याने कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली तर एक्स-रे लागतो.

१४. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलंय. जितका जास्त तितका चांगला ना?

नाही, आणि ही गैरसमजूत कोरोनापासून फार पसरली. जुन्या सीओपीडीत काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. त्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर तो आणखी चढतो, सकाळी डोकं दुखतं, गुंगी येते, आणि माणूस शांत झोपलाय असं समजून घरचे बेफिकीर राहतात. बोटाच्या मीटरवर अशा पेशंटच्या ऑक्सिजनचं लक्ष्य साधारण ८८ ते ९२ टक्के असतं. ९२ पाहून घाबरून नॉब फिरवू नका.

कायमचा ऑक्सिजन कुणाला? स्थिर असताना, बसल्या जागी, ८८ किंवा त्याखाली राहत असेल त्यांना. उजव्या हृदयावर ताण किंवा रक्त घट्ट झालेलं असेल तर थोड्या वरच्या आकड्यालाही. तेव्हा तो दिवसातून किमान १५ तास घ्यावा लागतो, रात्र धरून. १९८० च्या सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमधल्या दोन चाचण्यांनी असा ऑक्सिजन आयुष्य वाढवतो हे दाखवलं. धाप लागली की दहा मिनिटं लावून काढून ठेवणं हा तो उपचार नव्हे. ज्यांचा आकडा थोडासाच कमी आहे त्यांना कायमच्या ऑक्सिजनचा फायदा २०१६ च्या चाचणीत दिसला नाही, तेव्हा उगाच मशीन विकत घेऊ नका.

बोटाला लावायचं मीटर मेंदी, नेलपॉलिश आणि गार बोटांनी चुकतं. बोट चोळून गरम करून पुन्हा बघा. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत विडी, उदबत्ती, देवाचा दिवा, काहीही पेटवायचं नाही.

१५. सूज आहे तर पाणी कमी प्यायचं का? खाण्यात काय पाळायचं?

पाण्याचं बंधन सगळ्यांना नसतं. किती प्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनी आकड्यात सांगितलं असेल तेवढंच. मीठ मात्र कमी कराच, दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, आणि त्यात पापड-लोणच्यातलं मीठही आलं. आमटी अळणी खाऊन वर दोन पापड आणि बशीभर चिवडा घेतला तर हिशोब फसतो. रविवारची मिसळ अगदीच सोडा म्हणत नाही, पण वरचा तर्रीचा वाडगा आणि फरसाण कमी करा. सैंधव हेही मीठच आहे.

पोट गच्च भरलं की फुप्फुसाला हलायला जागा उरत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा.

१६. चालावं की आराम करावा? गडावर जाता येईल का?

चालावं. आरामाने स्नायू आटतात, मग तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा गल्लीत, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चाला. धाप लागली की थांबून ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडा. छातीत दाब, चक्कर किंवा आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली गेला तर चालणं थांबवा. जमल्यास सहा-आठ आठवड्यांचा श्वसन पुनर्वसनाचा कार्यक्रम करा. औषधांइतकाच त्याचा गुण येतो, आणि लिहून द्यायला सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्टही तीच.

सप्तशृंगी गडावर ट्रॉलीने जा, पाचशेच्या आसपास पायऱ्यांचा नवस असेल तर तो धडधाकट मुलाने फेडावा. त्र्यंबकेश्वराचं दर्शन ठीक, ब्रह्मगिरी नको. सिंहस्थाच्या पर्वणीच्या गर्दीत श्वास आणि हृदय दोन्ही अधू असलेल्यांनी जाऊ नये असं माझं मत आहे. गोदावरी पर्वणीनंतरही तिथेच असते.

१७. चारधामचं बुकिंग झालंय. विमानाने गेलो तर चालेल ना?

विमानाचा प्रश्न वेगळा, धामाचा वेगळा. विमानात हवा साधारण ८,००० फुटांवर असते तशी विरळ असते. इथे बसल्या जागी आकडा ९२ च्या खाली राहत असेल तर आधी तपासणी करा. प्रवासात ऑक्सिजन लागणार असेल तर विमान कंपनीला आगाऊ कळवावं लागतं. नाशिक समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०० मीटरवर आहे. चारही धामं ३,००० मीटरच्या वर, केदारनाथ तर सुमारे ३,५८०. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्यापेक्षा खूपच कमी, शिवाय चढ आणि थंडी. उजव्या हृदयावर ताण आलेला असेल, नुकताच ॲटॅक आलेला असेल किंवा घरी ऑक्सिजन लागत असेल, तर बुकिंगचे पैसे बुडू द्या.

१८. थंडीतच त्रास का वाढतो?

गार हवेने श्वासनळ्या आणि रक्तवाहिन्या दोन्ही आवळतात, बीपी चढतं, आणि सर्दीचे विषाणू याच दिवसांत फिरतात. निफाडकडे पारा उतरला की आमच्या ओपीडीत गर्दी वाढते. पहाटेचं फिरणं ऊन पडल्यावर करा, नाका-तोंडावर मफलर घ्या. शेकोटीजवळ बसू नका, तिचा धूर थंडीपेक्षा वाईट. द्राक्षबागेत फवारणी असेल त्या दिवशी बागेत जाऊ नका.

१९. सत्तरी आली. आता विडी सोडून काय उपयोग?

गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण ऱ्हासाचा वेग मंदावतो. हृदयाचा फायदा तर लवकर दिसतो. वर्षभरात धमन्यांच्या आजाराचा जादा धोका निम्म्यावर येतो. 'दिवसाला दोनच ओढतो' हे हृदयाला मान्य नाही, थोड्या विड्यांनीही त्याचं नुकसान होतं. विडी सोडून मिश्री किंवा गायछाप धरली तर निकोटिन चालूच राहतं. सोडल्यावर डेरिफायलिनच्या गोळ्यांचं काय करायचं ते प्रश्न १० मध्ये आहे.

२०. कोणत्या लसी घ्यायच्या?

फ्लूची दरवर्षी, आपल्याकडे पावसाळ्याआधी घेतलेली बरी. न्यूमोकोकलची, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूवरची, डॉक्टरांनी सांगितलेल्या क्रमाने. फ्लूच्या लशीने हृदयरोग्यांतले ॲटॅकही कमी होतात, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी आठवण केली नाही तरी तुम्ही विचारा.

२१. फुप्फुस कमजोर असताना बायपास किंवा अँजिओप्लास्टी होते का? खर्चाचं काय?

होते. अँजिओप्लास्टीला सहसा पूर्ण भूल लागत नाही, त्यामुळे ती फुप्फुसाला सोपी जाते. पण कोणाला काय योग्य हे ब्लॉकेज कुठे आणि किती यावर ठरतं. बायपास ठरली तर आधी काही आठवडे विडी बंद, पंपाचे डोस चोख, श्वासाचे व्यायाम शिकून घेणं, एवढ्याने नंतरचे धोके बरेच घटतात. ॲटॅक ताजा असताना फुंकायची पीएफटी लगेच करत नाहीत. किती थांबायचं ते हृदयाचे डॉक्टर सांगतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कवच आहे आणि या दोन्ही उपचारांचा त्यात समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, शक्यतो ॲडमिट होण्याआधी. नाशिकच्या शालिमार भागातलं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हृदयाच्या उपचारांसाठी सरकारी पर्याय आहे.

२२. वडील खूप घोरतात, मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो. याचा संबंध आहे?

आहे. सीओपीडीबरोबर झोपेत श्वास अडण्याचा आजार असेल तर रात्री ऑक्सिजन फार खाली जातो आणि उजवं हृदय झपाट्याने थकतं. दिवसा डुलक्या, सकाळी डोकेदुखी असेल तर झोपेची तपासणी मागा. झोपेच्या गोळ्या स्वतःहून मुळीच नकोत.

२३. फुप्फुसाचं प्रेशर कमी करायला सिल्डेनाफिल घेऊ का? नेटवर वाचलं.

सीओपीडीमुळे वाढलेल्या प्रेशरला ती नेहमीची गोळी नाही. काहींचा ऑक्सिजन तिने उलट घसरतो. आणि जिभेखालची किंवा रोजची नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल कुठल्याही कारणासाठी घेऊ नये, बीपी धोकादायक उतरतं. दुसऱ्या कारणासाठी गुपचूप घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. ॲडमिट व्हायची वेळ आली तर लाज न बाळगता ते सांगावं.

२४. औषधं तीच, धूळ नाही, धूर नाही, तरी महिनाभर दम वाढलाय आणि ठोके मिनिटाला ५० पर्यंत उतरलेत. काय राहिलं?

डोळ्यांचे थेंब बघा. काचबिंदूसाठी दिलं जाणारं टिमोलॉल हा प्रोप्रॅनोलॉलच्या गटातला बीटा ब्लॉकर आहे. डोळ्यातून नाकात आणि तिथून रक्तात उतरून तो श्वासनळ्या आवळतो आणि ठोके मंदावतो, मग प्रश्न ११ मधली सगळी काळजी वाया जाते. पुष्कळ जण थेंबांना औषधात धरतच नाहीत, त्यामुळे ती बाटली कुठल्याच पिशवीत नसते. थेंब आपल्या मनाने थांबवू नका, काचबिंदूत नजर जाते. बाटली घेऊन डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा आणि फुप्फुसाचा आजार सांगा. दुसऱ्या गटातले थेंब मिळतात. ठोके ५० च्या खाली गेले किंवा चक्कर आली तर मात्र डोळ्याच्या डॉक्टरांच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.